बॅरिस्टरीची फी आणि घसरलेला रुपया

आधी एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी पेपरला पस्तीसच्या वर दोन-चार मार्क पडले की आमच्याकडे आनंदीआनंद असायचा. त्यामुळे मराठी विभागासाठी लिही असं मैत्रिणी मागे लागल्या तेव्हा मी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. पण गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, आमच्या घरी जे महाभारत घडलं त्यात एक माणूस मला अगदी नव्याने भेटला. त्याच्याबद्दल इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं तर ते जमेना. म्हणून हा खटाटोप.

झालं असं. माझी ताई लॉ झाली आणि तिला लंडनला एलएल.एम.साठी प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाले, नातेवाइकांचे फोन येऊन गेले आणि मग फीचा आकडा घेऊन बाबा माझ्यासमोर बसले. फी आणि वर्षभर राहण्याचा खर्च मिळून साधारण 28,000 पौंड. तू इंजिनिअर आहेस, तूच कर हिशेब, असं म्हणून त्यांनी सगळी फाइल माझ्याकडे दिली. (आमच्या घरी टीव्ही बिघडला तरी मी इंजिनिअर आणि बँकेचा फॉर्म भरायचा तरी मीच इंजिनिअर!) मग मी एक्सेल शीट काढली आणि मार्जिन मनी, तारण, मोरॅटोरियम, जामीनदार असले शब्द एकेक करून शिकले. एवढं मोठं कर्ज म्हटल्यावर बँकेला तारण हवं होतं. ते म्हणजे आमचं साताऱ्याचं राहतं घर. जामीनदार म्हणून सही करतो असं नात्यातल्या एका काकांनी मोठ्या तोंडाने सांगितलं आणि ऐन वेळी त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. बाबांच्या ऑफिसातल्या एकांनी सही केली, म्हणून ते तरी निभावलं.

खरी गंमत पुढेच आहे. आम्ही हिशेब केला तेव्हा पौंड 106 रुपयांच्या आसपास होता. कर्ज मंजूर होऊन पैसे भरायची वेळ आली तोवर तो 116 च्या पुढे गेला होता. म्हणजे कोणी काही चूक केलेली नसताना पावणेतीन लाखांचा खड्डा! मंजूर रक्कम वाढणार नाही असं बँकेने स्वच्छ सांगितलं. ताई म्हणाली की राहू दे, मी इथेच प्रॅक्टिस करते. त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही.

तेव्हा आमच्या आबांनी कपाटातून धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेब आंबेडकरांचं जाडजूड चरित्र काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. याच लंडनमध्ये, वकिलीच शिकत असताना, याच कारणाने या माणसाला पैसे कमी पडले होते, ते शोधून काढ, म्हणाले. मी अडखळत अडखळत वाचत गेले. आपल्याला बाबासाहेब माहीत असतात ते घटनेमुळे, किंवा चौकातल्या निळ्या कोटाच्या पुतळ्यामुळे. त्या कोटामागे केवढी उधारी होती ते मला शाळेत कोणी सांगितलंच नाही.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूचा. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिकवायचे. निवृत्तीनंतर कुटुंब काही वर्षं आमच्या साताऱ्यात होतं. 7 नोव्हेंबर 1900 ला इथल्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव घातलं गेलं. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मी त्या शाळेवरून रोज रिक्षाने कॉन्व्हेंटला जायचे आणि मला हे ठाऊक नव्हतं. असो.

पुढे मुंबईला आल्यावर पेन्शनीत भागेना, पण पोराला पुस्तकं तर हवीतच. तेव्हा रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, थोडे पैसे उसने घ्यायचे, आणि पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना आणून गहाण टाकायचे. पेन्शन आली की सोडवायचे. मला विचाराल तर बाबासाहेबांचं पहिलं एज्युकेशन लोन हेच. तारण म्हणून बहिणीचा दागिना आणि परतफेड महिन्याच्या आत.

1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. इंटर झाल्यावर पैसे संपले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा 25 रुपये स्कॉलरशिप दिली. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. पूर्ण झालं. बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच 2 फेब्रुवारी 1913 ला वडील गेले.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. आपण स्कॉलरशिप म्हटलं की फुकट मिळालेले पैसे समजतो. पण 4 जून 1913 ला बाबासाहेबांनी सही केली तो चक्क करार होता. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. आपल्याकडे कंपन्या प्लेसमेंटला दोन वर्षांचा बाँड म्हणाल्या तरी सगळ्यांचे चेहरे पडतात. इथे दहा वर्षं! वय किती, तर बावीस. म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय काय केलं ते सगळं लिहायचं तर मासिकाची पानं पुरायची नाहीत. 1915 ला एम.ए., 1916 मध्ये जातिसंस्थेवरचा तो गाजलेला निबंध, पीएच.डी.च्या प्रबंधाचं काम, शिवाय त्याच साडेअकरा पौंडांतून घरी पाठवायचे पैसे आणि जुन्या बाजारातून घेतलेली ढीगभर पुस्तकं. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं काय, तर तिथल्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना नावाचा एक पारशी रूममेट भेटला. हे नाव लक्षात ठेवा.

अमेरिकेतून ते परस्पर लंडनला गेले. 1916 च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि पुढच्याच महिन्यात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, अशा दोन्ही ठिकाणी नावं घातली. आणि वर्षाच्या आतच स्कॉलरशिपची मुदत संपली. बडोद्याने परत बोलावलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन 1917 मध्ये ते निघाले. पहिलं महायुद्ध चालू होतं. ज्या जहाजावर त्यांचं सामान होतं ते पाणबुडीने बुडवलं. ते स्वतः दुसऱ्या जहाजावर होते म्हणून वाचले, पण पुस्तकांची पेटी समुद्रात गेली. सामानाची नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून जे पैसे मिळाले, त्यातच त्यांनी बडोद्याला जायचा खर्च भागवला. पुस्तकं बुडाल्याच्या पैशांतून बाँड पाळायला जाणारा माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

बडोद्यात त्यांना पद होतं, पण राहायला खोली नव्हती. महार म्हणून कुठलीही खाणावळ घेईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ऑफिसात शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दाराशी येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून धमकावून गेले. ओळखीच्या दोन घरी विचारून पाहिलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोन्हीकडे नकारच. संध्याकाळपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. वेटिंग फॉर अ व्हिसा या त्यांच्या छोट्याशा आठवणींत हे सगळं त्यांनीच लिहिलंय. कोलंबियाची एम.ए. असलेला माणूस बागेत बसून गाडीची वाट बघतोय, हे चित्र माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

इथे मला भयंकर राग आला, आणि तो महाराजांचा नाही. करार दहा वर्षांचा. पण ज्या गावात ती दहा वर्षं काढायची तिथे या माणसाला अकरा दिवसांच्या वर छप्पर मिळालं नाही. आणि पुढे हेच बडोदा संस्थान शिक्षणावर खर्च झालेले पैसे परत करा म्हणून त्यांच्यामागे लागलं! कागदावर बघितलं तर करार त्यांनीच मोडला होता. बँकेच्या फॉर्मवर सही करताना आपण अटी वाचतो, पण समोरच्याने काय द्यायचं ते कुठेच लिहिलेलं नसतं. हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

मुंबईत मग शिकवण्या केल्या. शेअरबाजारात गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा धंदाही काढला. पण सल्ला देणारा महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरची नोकरी लागली. पगार महिना 450 रुपये. त्या काळात हा पगार चैनीत राहण्याइतका होता. पण ते परळच्या चाळीतच राहिले आणि पैसे साठवत गेले, कारण लंडनमधली अर्धवट राहिलेली बॅरिस्टरी डोळ्यांसमोर होती. घर रमाबाई चालवायच्या. नवऱ्याच्या शिक्षणासाठी बायकोने किती काटकसर केली हे कुठल्याच बँकेच्या हिशेबात येत नाही, आणि मासिकातल्या अशा लेखांतसुद्धा त्यांच्या वाट्याला दोनच ओळी येतात. माझ्याही लेखात तसंच झालं, काय करणार!

1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनाने दिलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज, एवढ्या शिदोरीवर त्यांनी जुलैमध्ये पुन्हा लंडनचं जहाज पकडलं. ज्या समाजातल्या लोकांनी बडोद्यात काठ्या दाखवल्या, त्याच समाजातला हा मित्र. आणि अकरा महिन्यांचा पगार एकदम हातावर ठेवावा एवढी ही रक्कम. यावेळी ना बाँड, ना संस्थान, ना तारण.

आता येतो तो रुपया.

1920 च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांपेक्षाही जास्त मिळत होते. सरकारने कायदा करून दोन शिलिंग हा भाव ठरवला. पण बाजाराने तो मानला नाही, आणि 1921 च्या वसंतापर्यंत रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. मी शीटमध्ये मांडून बघितलं. वीस शिलिंगांचा एक पौंड. दोन शिलिंगांच्या भावाने पाच हजार रुपयांचे 500 पौंड होतात. सव्वा शिलिंगाच्या भावाने 312. म्हणजे कपाटात ठेवलेल्या पैशांना कोणी हातही न लावता त्यातले 188 पौंड गायब! माझा 106 आणि 116 चा खड्डा यापुढे अगदीच किरकोळ वाटायला लागला.

आणि त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध कशावर होता माहितीये? द प्रॉब्लेम ऑफ द रुपी. रुपयाचा भाव का पडतो, कोणाच्या चुकीने पडतो, चलन कोणाच्या हातात असावं, याचा सगळा अभ्यास. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून रुपयावर वाचायचं आणि त्याच रुपयाने केलेल्या घोटाळ्यापायी दुपारचं जेवण टाळायचं. आपण थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळ्या दिवशी देतो. यांचं दोन्ही एकदमच चालू होतं.

खाण्याचे तर हालच होते. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा आणि कपभर बोव्हरिल एवढंच द्यायची. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खायचे आणि पहाटेपर्यंत वाचत बसायचं. त्यात बॅरिस्टरीची एक विचित्र अट. तेव्हा नुसती परीक्षा देऊन भागत नसे, इनच्या मोठ्या हॉलमध्ये ठरावीक संख्येने जेवणंही घ्यावी लागायची, तेव्हाच टर्म भरली असं धरायचे. म्हणजे खोलीवर पापड आणि ग्रेज इनला काटे-चमचे मांडलेली सक्तीची जेवणावळ. आमच्या 75 टक्के अटेंडन्सला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

सप्टेंबर 1921 मध्ये शेवटी त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहिलं. हुंडणावळीचा दर पडल्यामुळे अंदाज चुकला, वकिलीची फी आणि परतीचा प्रवास यांसाठी दोनशे पौंड लागतील, ते कर्ज म्हणून द्यावेत, परत आल्यावर व्याजासह फेडीन, असा त्याचा आशय. मला त्या पत्राची सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती कर्ज हा शब्द. महाराजांनी मूकनायकसाठी अडीच हजार रुपये दिले होते, माणगावच्या परिषदेला ते स्वतः आले होते, दोघांचं नातं तर सगळ्यांना ठाऊक होतं. मदत म्हणून मागितले असते तरी कोणी बोललं नसतं. तरी त्यांनी व्याजाचं कबूल केलं. मी ते पान ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. आणि मग तिने हॉस्टेलमधल्या तिच्या मैत्रिणीला फोन लावला, जो ती गेले आठ दिवस लावायला लाजत होती.

1921 मध्ये एम.एस्सी. झालं. 6 मे 1922 ला शाहू महाराज वारले आणि त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, 28 जून 1922 ला, ग्रेज इनने बाबासाहेबांना बॅरिस्टर म्हणून सनदशीर मान्यता दिली. ती बातमी महाराजांना कळायला हवी होती, असं मला फार वाटलं. पुढे काही काळ जर्मनीत बॉनला. मग पैसे संपले, आणि एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी बदल सुचवून परत पाठवला होता. तो मुंबईत दुरुस्त करून पाठवला आणि वर्षअखेरीस मंजूर झाला.

आता इथपर्यंत आल्यावर तुम्हाला वाटेल की झालं, बॅरिस्टर झाले, कर्ज फिटलं. कसलं काय! हायकोर्टात वकिली करायला सनद काढावी लागते आणि तिचीही फी असते. तेवढेही पैसे खिशात नव्हते. पुन्हा कोण धावून आलं? तोच रूममेट, नवल भथेना. सनद मिळाली तर अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देईनात. मग जिल्ह्याच्या कोर्टांतली कामं घ्यायची, आणि 1925 ते 1928 बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायचा. बडोद्याचा तगादाही याच दिवसांत चालू होता. लंडनची डी.एस्सी., कोलंबियाच्या पदव्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी, आणि दाराशी वसुली! आपल्याकडे डिग्री मिळाली की ईएमआय आपोआप फिटतो असं समजणाऱ्या काकांना हे पान मी झेरॉक्स काढून पाठवणार होते. (ते फोन उचलत नसल्यामुळे राहिलं.)

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. महाड, नाशिक, गोलमेज परिषद, घटना. पण शिक्षणाच्या पैशांचा धागा त्यांनी कधी सोडला नाही. 1935 मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये असताना, 1944 मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या सरकारी स्कॉलरशिप सुरू झाल्या. आपल्या कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनसमोर दर वर्षी जी पोस्ट-मॅट्रिकची रांग लागते, तिचं मूळ तिथे आहे. 1945 ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला सिद्धार्थ कॉलेज, आणि 1956 मध्ये सिद्धार्थ लॉ कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी 6 डिसेंबरला ते गेले.

ताईच्या मैत्रिणीने दीड लाख दिले. उरलेल्यासाठी आईने बांगड्या काढून दिल्या. रामजींचं पान तिलाही मीच वाचून दाखवलं होतं, त्यामुळे मला जरा अपराधी वाटलं. सप्टेंबरमध्ये ताई गेली. पहिल्याच रविवारी ती किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर बघून आली. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते आणि 2015 पासून ते महाराष्ट्र सरकारच्या मालकीचं स्मारक आहे. बसचं भाडं वाचवायला ती तिथे चालत गेली, असं तिने फोनवर सांगितलं. आणि आईला उडदाचे पापड पाठवायला सांगितले.

मैत्रिणीच्या दीड लाखांची ओळ मी एक्सेलमध्ये सगळ्यात वर घातलीये. व्याज नको असं ती म्हणाली होती. ताईने सांगितलं, तरी कॉलम ठेव.